आडनावांच्या आड : सारख्या ध्वनींच्या शब्दांचा इतिहास

भाषा ही समाजाची न लिहिलेली वंशावळ होय. ताम्रपट वितळविले जातात, चोपड्या वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडतात, नांदते वाडे जमीनदोस्त होतात. परंतु माणसाच्या तोंडी रुळलेला शब्द पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतो. मात्र टिकताना तो झिजतो. हातोहात फिरणाऱ्या नाण्यावरील छाप जसा पुसट होत जातो, तसेच शब्दांचे होते. आणि दोन निरनिराळ्या टांकसाळींतून निघालेली नाणी झिजून एकसारखी दिसू लागली म्हणजे ती एकाच राजाची आहेत, असा सामान्य माणसाचा समज होतो. आडनावांच्या बाबतीत हा समज केवळ गमतीचा राहत नाही. त्यावरून माणसाची जात, धर्म व योग्यता ठरविली जाते, चेष्टा होते, प्रसंगी अपमानही होतो. म्हणून या नाण्यांची पारख करणे अगत्याचे आहे.

प्रथम ‘आडनाव’ हाच शब्द घ्यावा. आडवाट, आडमार्ग यांतील जो ‘आड’, तोच येथे आहे; मुख्य नावाच्या जोडीने आलेले दुसरे नाव ते आडनाव. कोकणातील परसदारी असणारा पाण्याचा ‘आड’ मात्र संस्कृत ‘अवट’ म्हणजे खड्डा या शब्दावरून आला. ध्वनी एक, कुळे दोन. या लेखातील बहुतेक शब्दांची कथा अशीच आहे.

दोशी आणि दोषी

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर पनवेल, पेण, अलिबाग, रोहा, महाड या बाजारपेठांतून जैन व्यापाऱ्यांची जी आडनावे आढळतात, त्यांत ‘दोशी’ हे नेहमीचे आहे. मराठी शाळेत शिकणाऱ्या दोशी कुटुंबातील मुलांना ‘तू कसला दोषी?’ हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या ऐकावा लागला आहे. वस्तुतः या आडनावाचा दोषाशी काडीमात्र संबंध नाही. संस्कृतात ‘दूष्य’ म्हणजे वस्त्र. पालीत तेच ‘दुस्स’ झाले. दूष्याचा व्यापार करणारा तो ‘दौष्यिक’, प्राकृतात ‘दोसिय’ आणि गुजरातीत ‘दोशी’. सरळ मराठीत सांगायचे तर दोशी म्हणजे कापडवाला.

या शब्दाचे प्राचीनत्व जैन आगमांतच सापडते. ‘प्रज्ञापना’ सूत्रात आर्यांचे अनेक प्रकार सांगितले आहेत. त्यांत निर्वाहाच्या निर्दोष उद्योगामुळे आर्य ठरणाऱ्यांना ‘कर्मार्य’ म्हटले असून, त्या गणनेत ‘दोसिय’ म्हणजे वस्त्रविक्रेते, ‘सोत्तिय’ म्हणजे सुताचे व्यापारी आणि ‘कप्पासिय’ म्हणजे कापसाचे व्यापारी यांची नावे आहेत. ज्या शब्दाला शास्त्राने आर्यत्वाच्या यादीत स्थान दिले, त्याला केवळ ध्वनिसाम्याने आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे, हा भाषेचा विचित्र न्याय म्हणावा लागेल. ‘जोशी’ हे आडनाव दोशीपासून एकाच अक्षराने दूर असले तरी त्याचा मार्ग निराळा आहे. ‘ज्योतिषी’चे प्राकृत ‘जोइसी’ आणि त्याचे जोशी. एकाने ग्रह मोजले, दुसऱ्याने वार मोजले.

कापडाच्या पेढीवरील नित्याच्या शब्दांतही हीच गफलत होते. कापूस, कापड आणि कापणे हे तीन शब्द सख्खी भावंडे वाटतात. कापसाचे कापड होते आणि ते कापून दिले जाते. परंतु कापूस ‘कर्पास’पासून, कापड ‘कर्पट’पासून आणि कापणे हे ‘कल्प्’ धातूपासून आले आहे. तिघे एकाच दुकानात नांदतात, म्हणून एका घरचे ठरत नाहीत.

शहा : साव की बादशहा?

‘शहा’ या आडनावाविषयी याहून मोठा गैरसमज आहे. फारसीत ‘शाह’ म्हणजे राजा. हा शब्द प्राचीन इराणी ‘ख्शायथिय’पासून झाला असून तो संस्कृत ‘क्षत्र’, ‘क्षत्रिय’ या शब्दांच्या गोत्रातला आहे. मराठीत तो पातशहा, शहाजादा यांत तर आहेच. पण बुद्धिबळाच्या पटावर राजाला दिलेला ‘शह’ आणि राजकारणातील ‘शह-काटशह’ हाही तोच. मालोजीराजे भोसले यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला नवस केला व पुत्रांची नावे शहाजी आणि शरीफजी अशी ठेवली, ही परंपरा प्रसिद्धच आहे.

जैनांचा ‘शहा’ मात्र सिंहासनावरून आलेला नाही. तो पेढीवरून आला. संस्कृतात ‘साधु’ या शब्दाला सज्जन, मुनी या अर्थांबरोबर सावकार, व्यापारी असाही अर्थ होता. साधुचे प्राकृत ‘साहु’, त्याचे ‘साह’ आणि फारसीच्या अमदानीत राजवाचक शब्दाच्या सहवासाने ‘शाह’. मराठीने हाच साधु दुसऱ्या वाटेने आणला. ‘साव आणि चोर’ या जोडीतील साव तो हाच, आणि ‘सावकार’ही त्याच घरचा. आज सावकार म्हटले की डोळ्यांपुढे व्याजाचा फास येतो; परंतु मूळ शब्दात सचोटी हीच पत होती. कच्छमधील भद्रेश्वरच्या जगडूशहाने तेराव्या शतकातील भीषण दुष्काळात धान्याची कोठारे खुली केली; शत्रुंजयाचा इ.स. १५३१ मधील जीर्णोद्धार कर्माशहाच्या हातून झाला. मेवाडच्या भामाशहाने राणा प्रतापांपुढे आपले द्रव्य ठेवले. या तिघांच्याही नावातील शहा हा ‘साधु’चा वारस होय.

याचा पुरावा शोधण्यास दूर जाण्याचे कारण नाही. मध्ययुगीन धातुप्रतिमांच्या मागील बाजूस कोरलेले लेख पाहिले म्हणजे दात्याच्या नावाआधी एखाददुसरे अक्षर आढळते. ‘सा.’ म्हणजे साधु वा साह, ‘श्रे.’ म्हणजे श्रेष्ठी, ‘व्य.’ म्हणजे व्यवहारी, ‘दो.’ म्हणजे दोसी, ‘सं.’ म्हणजे संघपति, ‘भं.’ म्हणजे भांडागारिक. नित्य पूजेत ज्यांच्याकडे पाठमोरी बाजू म्हणून लक्ष जात नाही, ती ही अक्षरे म्हणजे आजच्या आडनावांची बीजेच होत. श्रेष्ठीचा शेठ झाला, संघपतीचा संघवी झाला, भांडागारिकाचा भंडारी झाला.

मेहता, म्हात्रे आणि मेहतर

अलिबाग, पेण, उरण या भागांत म्हात्रे हे आडनाव अतिशय प्रचलित आहे. पेठेतील मेहता आणि गावातील म्हात्रे यांच्यात काही भाषिक नाते असेल, अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. तथापि ते आहे. संस्कृत ‘महत्’ म्हणजे मोठा, ‘महत्तर’ म्हणजे अधिक मोठा. प्राचीन दानपत्रांत गावच्या प्रमुख वडीलधाऱ्यांना ‘महत्तर’ म्हटलेले आढळते. त्यापासून मराठीत ‘म्हातारा’ झाला. आज त्याचा अर्थ केवळ वयाने वृद्ध असा उरला असला, तरी उत्तर कोकणात ‘म्हातारा’ हे गावच्या प्रमुखाचे मानाचे पद होते, आणि म्हात्रे हे आडनाव त्या पदाचे स्मारक आहे. गुजरातीतील ‘मेहता’ हाही ‘महत्’च्याच कुळातला मानला जातो, दरबारातील कारभारी, पुढे हिशेबनीस व शिक्षक, असा त्याच्या अर्थाचा प्रवास झाला.

तिसरा शब्द ‘मेहतर’. फारसीत ‘मिह’ म्हणजे मोठा आणि ‘मिहतर’ म्हणजे अधिक मोठा, सरदार, प्रमुख. संस्कृत महत्तर आणि फारसी मिहतर हे एकाच प्राचीन पूर्वजाचे वंशज आहेत. ज्यांच्याकडून समाजाने सर्वांत कष्टाचे व उपेक्षित सफाईचे काम करून घेतले, त्यांना हे मोठेपणाचे नाव मिळाले. परंतु नावाने माणसाला वर उचलण्याऐवजी लोकांच्या तुच्छतेने नावालाच खाली ओढले. मेहता पेढीवर बसला, म्हात्रे गावकीत बसला, मेहतराला उंबऱ्याबाहेर ठेवले गेले. तिघांच्याही नावाचा अर्थ ‘मोठा’ हाच आहे. उच्चनीचता शब्दात नव्हती. ती माणसांनी त्यात घातली. शब्दांच्या इतिहासाने शिकविलेला याहून मोलाचा धडा दुसरा क्वचितच असेल.

वोरा, बोहरी आणि पारेख

‘वोरा’ हे जैनांचे आडनाव आणि ‘बोहरी’ हे मुसलमान व्यापारी समाजाचे नाव. दोघांचे धर्म भिन्न, पण नावाचे मूळ एक. संस्कृत ‘व्यवहार’ म्हणजे देवघेव. त्यापासून गुजरातीत ‘वोरा’, ‘वहोरा’ झाले आणि त्याचेच हिंदी-उर्दू वळण ‘बोहरा’. जैन घरांतून साधु-साध्वींना आहार अर्पण करण्यास ‘वहोरावणे’ म्हणतात, तेथेही हीच देवघेव आहे. बाजारातला व्यवहार आणि धर्मातले दान यांसाठी एकच शब्द वापरणाऱ्या भाषेने दोन्हीकडे एकाच सचोटीची अपेक्षा ठेवली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

‘पारेख’ हा संस्कृत ‘परीक्षक’. नाणी व रत्ने पारखणारा तो पारेख. मराठीतील ‘पारख’ त्याचीच बहीण. महाराष्ट्रात हेच काम करणाऱ्या वतनदारास ‘पोतदार’ म्हणत. पण पोतदारातील ‘पोत’ कोणता? कापडाचा पोत, गळ्यातील मण्यांची पोत, देवीपुढे पाजळला जाणारा पोत आणि संस्कृतातील गलबतवाचक पोत असे कितीतरी पोत मराठीत आहेत. पोतदार यांपैकी कोणाचाच नव्हे. फारसी ‘फोता’ म्हणजे थैली, खजिना. ‘फोतेदार’चा पोतदार झाला.

भंडारी, कोळी आणि पाटील

कोकण किनाऱ्यावर ‘भंडारी’ हे नाव उच्चारले की माडावर चढणारा आणि वेळप्रसंगी समुद्रावर लढणारा समाज आठवतो. इ.स. १६७९ मध्ये थळच्या समोरील खांदेरी बेटावर इंग्रज आणि सिद्दी यांचा विरोध मोडून छत्रपती शिवाजी महाराजांसाठी दुर्ग उभा करणारा मायनाक भंडारी हा या समाजाचा अभिमान होय. या जातिनामाचा संबंध काही जण भांडाराशी, तर काही जण मद्यवाचक ‘मंड’ या शब्दाशी जोडतात. जैनांतील भंडारी मात्र निःसंशय भांडागारिक, म्हणजे राजाच्या वा संघाच्या कोठाराचा रक्षक. ग्रंथभांडारे सांभाळणाऱ्या समाजात हे नाव टिकावे, हे साहजिकच आहे.

‘कोळी’ या शब्दाचेही असेच. समुद्रावर जाळे टाकणारा कोळी आणि भिंतीच्या कोपऱ्यात जाळे विणणारा कोळी यांची सांगड लोक जाळ्यावरून घालतात. परंतु कीटकवाचक कोळी हा ‘कोलिक’, ‘कौलिक’ म्हणजे विणकर या शब्दाशी जोडला जातो. पंचतंत्रात विष्णूचे रूप घेणारा कौलिक तो हाच विणकर. किनाऱ्यावरील कोळी हे एका प्राचीन लोकसमूहाचे नाव असून त्याचा विणकामाशी संबंध नाही.

‘पाटील’ व ‘पटेल’ हे तर उघडच जुळे भाऊ. जुन्या लेखांतील ‘पट्टकिल’ या ग्रामाधिकाऱ्याच्या पदनामापासून दोघेही झाले. यातील ‘पट्ट’ म्हणजे पट्टी, फलक, लेखपट. आणि त्याच ‘पट्ट’चा दुसरा अर्थ वस्त्र, विशेषतः रेशमी वस्त्र. पाटणचा पटोळा, डोक्याचा पटका, रेशमाचे काम करणारा पटवेकरी हे त्या दुसऱ्या अर्थाचे धनी. पाटणमधील ‘पाटण’ मात्र ‘पत्तन’ म्हणजे नगर. पाटणचा पटोळा म्हणताना आपण दोन वेगळे शब्द एका दमात उच्चारतो.

गावांची नावे आणि ‘कर’

स्थलनामांतही हा चकवा आहे. मुरुडच्या समुद्रातील ‘जंजिरा’ हा शब्द ऐकून अनेकांना जंजीर म्हणजे साखळी आठवते. जंजीर फारसी, जंजिरा हा अरबी ‘जझीरा’ म्हणजे बेट. आफ्रिकेतील अल्जीरिया या देशाचे नाव याच शब्दाचे अनेकवचन आहे. मराठ्यांच्या कागदपत्रांत सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग यांनाही ‘जंजिरे’ म्हटले आहे, कारण कोणताही जलदुर्ग हा जंजिराच. ‘कुलाबा’ हे नाव मुंबईच्या दक्षिण टोकाला आहे, आणि अलिबागसमोर इ.स. १६८० मध्ये बांधकाम सुरू झालेल्या किल्ल्यालाही आहे. या किल्ल्यावरून ओळखला जाणारा कुलाबा जिल्हा १९८१ मध्ये रायगड झाला. त्यामुळे जुन्या दस्तऐवजांत ‘कुलाबा’ आढळल्यास तो कोणता, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते.

किनाऱ्यावरील आडनावांत सर्वाधिक आढळणारा प्रत्यय ‘कर’. कुंभार, लोहार, सोनार यांत कुंभकार, लोहकार, सुवर्णकार असा ‘करणारा’ या अर्थाचा ‘कार’ दडला आहे. चौलकर, नागावकर, मुरुडकर यांतील ‘कर’ मात्र ‘तेथला रहिवासी’ असे सांगतो. सरकारला भरावयाचा ‘कर’ आणि जोडावयाचे ‘कर’ हे आणखी वेगळे. या गावदर्शक ‘कर’ने धर्मभेद मानला नाही. नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज गलबत फुटून उतरले, अशी ज्यांची परंपरा आहे, त्या बेने इस्रायली समाजानेही किहीमवरून केहिमकर, पेणवरून पेणकर, रोह्यावरून रोहेकर अशी आडनावे धारण केली. त्या समाजाचा इतिहास लिहिणारे हाइम सॅम्युएल केहिमकर यांचा १८९७ मध्ये सिद्ध झालेला ग्रंथ १९३७ मध्ये प्रकाशित झाला. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. अंगरवाडी या गावावरून ते आंग्रे झाले. भूमीने दिलेले नाव मूळ नावापेक्षा कसे बलवत्तर ठरते, याचे हे ठळक उदाहरण होय.

दगडातला वाणी, दुकानातले बनियन

राजपुरी खाडीच्या काठावरील कुडे येथे २६ बौद्ध लेणी आहेत. सुमारे अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वीच्या तेथील शिलालेखांत दात्यांची ओळख त्यांच्या व्यवसायाने दिली आहे : ‘सेठि’ म्हणजे श्रेष्ठी, ‘सथवाह’ म्हणजे तांड्याचा नायक सार्थवाह, मालाकार म्हणजे माळी, आणि कऱ्हाडचा एक ‘लोहवाणिय’ म्हणजे लोखंडाचा व्यापारी. कार्ले येथील चैत्यगृहाच्या प्रवेशद्वाराचे दान एका ‘गंधिका’ने दिले. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा विक्रेता. आजचे ‘गांधी’ हे आडनाव त्याचेच. शेठ, गांधी व वाणी ही नावे कोकणच्या व घाटमाथ्याच्या दगडात इतकी जुनी आहेत.

यांतील ‘वाणिज’ शब्दाने पुढे सप्तसमुद्र ओलांडले. वाणिजाचा मराठीत वाणी, गुजरातीत वाणियो. पश्चिम किनाऱ्यावर उतरलेल्या पोर्तुगिजांनी त्याचे ‘बनियन’ केले व ते इंग्रजांनी उचलले. इराणच्या किनाऱ्यावर ज्या वडाखाली हे व्यापारी बसत, त्या वडाला इंग्रजीत ‘बनियन’चे झाड म्हणू लागले, या व्यापाऱ्यांच्या सैल अंगरख्याच्या धर्तीवर युरोपीयांनी शिवलेल्या वस्त्रालाही तेच नाव मिळाले, आणि अखेर ते अंगातल्या बंडीला चिकटून मराठीत परत आले. दुकानात बनियन मागणारा गिऱ्हाईक नकळत वाण्याचेच नाव घेत असतो.

‘जिन’ या दोन अक्षरांचीही अशीच गंमत. जैन शब्दाचे मूळ असलेला ‘जिन’ हा ‘जि’ म्हणजे जिंकणे या धातूपासून. ज्याने स्वतःला जिंकले तो जिन. घोड्यावरचे ‘जीन’ फारसी. दिव्यातला ‘जिन’ अरबी. ‘जिन्नस’ अरबीमार्गे ग्रीकमधून आलेला. जाड सुती ‘जीन’ कापड इटलीतील जिनोआ बंदराच्या नावावरून आले. कापसाची ‘जिनिंग’ फॅक्टरी मात्र इंग्रजी ‘इंजिन’चे संक्षिप्त रूप. यांतील दोघांना एकत्र बांधून तर्क लढविणारा हमखास फसतो.

उपसंहार

तर मग ध्वनिसाम्याला काहीच मोल नाही काय? तसे म्हणता येणार नाही. नवकारातील पहिल्याच पदात याचे उत्तर आहे. ‘अरहंत’ म्हणजे पूज्य, योग्य. ‘अरिहंत’ म्हणजे अंतःशत्रूंचा नाश करणारा. ‘अरुहंत’ म्हणजे ज्याच्या कर्माचे बीज पुन्हा उगवत नाही असा. प्राचीन टीकाकारांनी हे तिन्ही पाठ नोंदविले, तिन्हींचे अर्थ वेगवेगळे सांगितले आणि एकाच वंदनीयाच्या ठायी ते मान्य केले. मावळातील पाले येथील सुमारे दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या लेखात ‘अरहंत’ हेच रूप कोरलेले आहे. उच्चार ऐकून निवाडा करावयाचा नाही. प्रत्येक अर्थ तपासावयाचा आणि ज्याचे त्याला द्यावयाचे, ही खरी अनेकान्तदृष्टी होय.

ही तपासणी करण्याची साधने मात्र वेगाने नाहीशी होत आहेत. मोडी व गुजराती लिपींतील जुन्या चोपड्या, हुंड्या, जकातीच्या पावत्या, मंदिरांच्या जमाखर्चाच्या वह्या माळ्यावरून काढून रद्दीत दिल्या जातात. त्या वाचू शकणारे डोळेही थोडे उरले आहेत. एखाद्या घराने म्हात्र्यांशी किती पिढ्या उधारीचा व्यवहार केला, कोणत्या वर्षी ‘सा.’चे ‘शहा’ झाले, केहिमकरांचे खाते कोणत्या पानावर होते, हे त्या पानांतच आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील एक तरी जुनी वही वाचवावी, तिची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि देरासरातील धातुप्रतिमांवरील लेखांची प्रत करून ती संस्थेच्या दप्तरी ठेवावी. पुढच्या पिढीतील एखाद्या दोशीला ‘तू कसला दोषी?’ असे कोणी विचारलेच, तर त्याला चिडण्याचे कारण उरू नये. उत्तर देण्यास त्याच्या हाती पुरावा असावा.